चिलापीचं पोट

गुरुवार, फाल्गुन वद्य त्रयोदशी, सकाळ. ठिकाण: निरवांगी, आमच्या शेततळ्याचा बांध.

हजर: मी. माझी धाकटी जाऊ, जिचे हे मासे. बारामतीच्या एका खासगी प्रयोगशाळेतल्या मॅडम, ज्यांना मी माझ्या गाडीतून घेऊन आले होते. आमचे सासरे तात्या. हजर, पण लांब बाभळीखाली, तळ्याकडे पाठ करून. गैरहजर: माझे दीर, उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या रांगेत. फोन लागत नव्हता.

याशिवाय बांधावर एक पाटी होती. तिच्यात पहाटेपासून मेलेली चिलापी, म्हणजे तिलापिया मासे, होती आणि वर ओलं पोतं टाकलेलं होतं.

पोतं जावेनं टाकलं होतं, तात्यांना दिसू नये म्हणून. त्यांना न बघताच कळलेलं होतं. गोठ्यातून येतानाच वास आला असणार. म्हणून तर ते चहालाही घरी न जाता बाभळीखाली येऊन बसले होते, आणि ते तिथे बसलेत म्हणून आम्ही तिघी हळू आवाजात बोलत होतो.

हळू का, ते आधी सांगते. तात्या माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तळं खोदलं ते डाळिंबासाठी. त्यात मासे सोडायचं जावेच्या डोक्यातून निघालं. लग्नाआधी ती द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होती, हाताखाली बायका होत्या. इथे आल्यावर हाताखाली दोन म्हशी आल्या. तिने माशांचं प्रशिक्षण घेतलं, सगळी माहिती काढली, आणि मग तात्यांच्या होकारासाठी अख्खा पावसाळा वाट बघितली. तात्यांनी होकार दिला तो अटी घालून. मासा आणि माशाचं खाद्य उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एकादशीला घरातल्या माणसांबरोबर तळ्यातल्या माशांनाही उपास. मासे काढायचे असतील त्या दिवशी आधी सांगायचं, म्हणजे ते लेकीकडे कळंबला जातील. आणि शेवटची अट त्यांच्याच शब्दांत:

"माझ्या पाण्यात जीव कुजून मराय लागलं, तर दुसऱ्या दिशी मोटार लावून समदं पाणी डाळिंबाला सोडीन. मग मला कुणी काय बी सांगायचं न्हाय."

तात्या बोलतात ते करतात. त्या सकाळी ते पाणी सोडतात की ठेवतात, एवढाच प्रश्न होता. पाणी गेलं की जावेचं काम गेलं, आणि पुन्हा परवानगी मिळण्याची शक्यता शून्य.

असं मरण पहिल्यांदा आलेलं नव्हतं. ही तिसरी खेप. दर वेळी मासे सुस्त होऊन कडेला यायचे, पोट फुगायचं, पाण्यावर पांढऱ्या दोऱ्यांसारखी विष्ठा तरंगायची. काही मरायचे, मग मरण थांबायचं. पहिल्या दोन्ही खेपांना मेलेले थोडे होते आणि जावेनं ते उजाडायच्या आत पुरून टाकले होते. या वेळी पाटी भरली.

मी बारामतीत एका दूध संकलन केंद्राचं कार्यालय सांभाळते. शेजारीच मॅडमची प्रयोगशाळा आहे. पाणी, पशुखाद्य, माशांचे आजार, सगळं तिथे तपासतात. जावेचा फोन आला तेव्हा मी रजेचा अर्ज टाकला, मॅडमना गाडीत घातलं आणि जावेला सांगितलं की आम्ही पोचेपर्यंत तळ्यात काहीही टाकू नकोस. हे सांगणं गरजेचं होतं. मोटारीच्या खोलीतलं तिचं फडताळ मी पाहिलेलं होतं.

मॅडमनी आल्या आल्या तेच विचारलं. "खाद्यातून काय काय देता?"

जाऊ फडताळातून एकेक आणून बांधावर मांडू लागली. चांगल्या जिवाणूंची पावडर. लिव्हर टॉनिकची बाटली. पचनाची एन्झाइमं. लसणाचा अर्क. एक पांढरी पावडर, जिच्यावरचं लेबल ओल्या हातांनी पुसून गेलं होतं.

"ही कशाची?"

"पोटाची. कोंबड्यांना देत्यात ती. दुकानदार म्हनला, थोडी देऊन बघा."

"आणि जिवाणूंच्या पावडरीबरोबर दिली?"

"एकाच काकवीत कालवली. दोनदा कशाला कुटाना?"

मॅडमनी मान हलवली. "अहो, ती जिवाणूंची पावडर म्हणजे विरजण. आणि ही अँटिबायोटिक दिसते आहे. दुधाला विरजण लावायचं आणि वरून उकळतं पाणी ओतायचं, असं चाललंय हे."

"मग मासं ह्यानंच मेलं?"

"तसं मी म्हटलं नाही. एक मासा उघडून बघू द्या."

इथे पहिली अडचण आली. मासा उघडायचा कुठे? घरात प्रश्नच नाही. अंगणात तुळस. मोटारीच्या खोलीत विठोबाचं कॅलेंडर. जाऊ म्हणाली की ते उतरवायचं तर तात्यांना विचारावं लागेल. शेवटी मी गाडीतून पुठ्ठ्याचं खोकं काढलं, फाडून बांधाच्या पलीकडच्या उतारावर अंथरलं आणि मधे छत्री उघडून ठेवली. मॅडमनी पिशवीतून कात्री, चिमटा आणि हातमोजे काढले. मेलेला मासा नको म्हणाल्या. कडेला तोंड वर करून फिरणारी एक चिलापी जावेनं दुसऱ्या पाटीनं उचलून दिली. देताना तिने तोंड फिरवलं. प्रशिक्षणात तिने मासे कापलेले पाहिले होते, पण ते तिने वाढवलेले नव्हते.

एवढ्यात तिचा फोन वाजला. खाद्याचा दुकानदार.

"निघालोय म्हणतोय. इंदापूरहून मोठा डोस घिऊन येतोय. आठ दिवस खाद्यातनं दिला की आतडं धुऊन निघतंय म्हणतोय."

"नको म्हण," मी म्हटलं.

"आक्का, नको कसं म्हणू? बघा की पाण्याकडं." तिचा आवाज चढला, तशी ती बाभळीकडे बघून पुन्हा खाली आली. "काय तरी द्यायला पायजे. मी नुसती हात बांधून उभी ऱ्हाऊ व्हय?"

"चैत्रात भिगवणचा व्यापारी येणार आहे ना? आज अँटिबायोटिक सुरू केलं तर हे मासे कधी विकता येतील?" हे मी मॅडमना विचारलं, जावेला ऐकू यावं म्हणून.

"औषध अंगातून पूर्ण उतरेपर्यंत नाही. चैत्रात तर नाहीच."

"आन् चैत्रापासनं तळ्याचं पाणी डाळिंबाला लागतंय," जाऊ म्हणाली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तरीही तिचं लक्ष रस्त्याकडे होतं, दुचाकी कुठे दिसते का.

मॅडमनी कात्री चालवली.

निरोगी चिलापीचं आतडं लांब आणि बारीक असतं, घड्याळातल्या स्प्रिंगसारखं वेटोळं घालून बसलेलं. हे मला त्यांनीच सांगितलं. आम्हाला दिसलं ते वेगळं होतं. वेटोळी फुगून एकमेकांवर चढलेली होती आणि आतड्याची भिंत इतकी पातळ झालेली की आतलं बाहेरून दिसत होतं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. यकृत पिवळट. चिमट्याने धरताच आतडं एका जागी फाटलं आणि आतून पांढरा चिकट लगदा बाहेर आला.

"गोळी खाद्य नाही हे," मॅडम म्हणाल्या. "ते तपकिरी असतं. काल काय दिलं होतं?"

"परवा एकादशी, म्हणून उपास. काल सकाळी नेहमीचं दिलं, पावडरी लावून. दुसरं काय न्हाय."

"दुसरं काहीतरी गेलंय. आणि कालपासून ते इथंच आहे. आतडं पुढे ढकलतच नाही. थांबलंय."

त्यांनी लगदा हातमोज्याच्या दोन बोटांत धरून ताणला. तो तुटला नाही, लांबला. आंबूस वास आला. मी जावेकडे पाहिलं. रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

"कणीक," ती म्हणाली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

एकादशीला देवळात भजन असतं आणि द्वादशीला सकाळी भजनी मंडळाची पंगत. उपास सोडायला सगळे एकत्र जेवतात. कणीक नेहमी अंदाजापेक्षा जास्त मळली जाते. उरलेली टाकत नाहीत, पूर्वी ती गाईंना जायची. या दोन-तीन महिन्यांत तात्या बादली घेऊन जाताना जावेला दिसले होते. दुपारी तळ्यावरही दिसले होते. त्याचा तिला आनंदच झाला होता. ज्या माणसाने इतके दिवस तळ्याकडे तोंड केलं नाही तो आपण होऊन माशांना घास टाकतो आहे. चार गोळे टाकत असतील, असं तिला वाटलं. यात्रेच्या ठिकाणी लोक टाकतात तसे.

"चार गोळ्यांनी काही होत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "चिलापी कणीकही पचवते. पण आदल्या दिवशी उपाशी, त्यावर सकाळचं भरपूर खाद्य, त्यावर पोट फुटेस्तोवर कच्ची कणीक. आणि न खाल्लेली तळाला बसून आंबली. त्यात या सगळ्या पावडरी. आतड्यातले चांगले जिवाणू आधीच तुम्ही मारून ठेवलेले. मग हे होणारच."

बाभळीखालून आवाज आला. तात्यांनी मान वळवली नव्हती.

"काय निघालं गं?"

 मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जावेकडे.

"काय न्हाय तात्या," जाऊ मोठ्याने म्हणाली. "औषधाचा गाळ हाय. माझ्याच हातनं जादा झालं."

"तरी मी म्हनत हुतो," तात्या म्हणाले. "मुक्या जिवाला रोज औषिद कशाला? माझ्या बैलांना कदी दिलं न्हाय."

मॅडम काही बोलायच्या आत मी त्यांचा हात दाबला. जावेला मोटारीच्या खोलीत नेलं.

"खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? तात्या, तुमच्या हातनं मासं मेलं म्हणून? पायाखाली मुंगी आली तर थांबणारा माणूस हाय त्यो, आक्का."

"कळलं तर कणीक टाकायचे थांबतील."

"थांबतील. आन् संध्याकाळपातुर मोटार बी लावतील. म्हणतील, ज्या पाण्यात माझ्या हातनं पाप झालं ते पाणीच नको." तिने पदराने डोळे पुसले, पण आवाज कोरडा होता. "आन् दुसरं. मंडळात त्यांनी काय सांगितलंय ठावं हाय का? म्हणले, माझ्या तळ्यातल्या जिवांचं पारणं मी फेडतो. माझ्या तळ्यातल्या, असं म्हणले. गावातल्या बाईनं मला सांगितलं तवा मी दोनदा इचारलं, नक्की माझ्या म्हणले का म्हणून."

 मी एवढंच म्हटलं की तू गुन्हा आपल्यावर घेतलास, आता ते तुझ्या औषधांवर डोळा ठेवतील आणि कणीक चालूच राहील. ती म्हणाली, "पंधरा दीस हायत की." पुढची एकादशी पंधरवड्यावर होती. आमच्या घरात अवघड गोष्टींना अशीच मुदत मिळते.

बाहेर दुचाकी थांबली. दुकानदार आला होता, गळ्यात पिशवी, कपाळावर घाम. त्याने छत्रीआडचा मासा पाहिला.

"आवो, कशाला कापाकापी? मी फोनवरच सांगितलं की, आतड्याचा जंतू हाय. ह्यो डोस सुरू करा."

"जंतू आहे की नाही ते मी तपासून सांगते," मॅडम म्हणाल्या. "तोवर कुठलाच डोस नाही."

"मॅडम, तुमच्या लॅबमधी मासं काचंच्या पेटीत असत्यात. हितं तळं हाय. तुमचा रिपोर्ट येईस्तोवर वहिनींनी काय करायचं, आरती म्हणायची?"

"उपास," मॅडम म्हणाल्या. "दोन-तीन दिवस काहीही खायला द्यायचं नाही. निम्मं पाणी बदलायचं, तळाचा गाळ ओढून काढायचा. थांबलेल्या आतड्यात वरून औषध घातलं तरी ते जाणार कुठे?"

"उपाशी मासा वजन धरत न्हाय बरं का वहिनी. मग व्यापारी काय म्हणंल ते मला सांगू नका."

त्याने पाकीट पुढे धरलं. जावेचा हात उचलला गेला. तळ्याच्या कडेला आणखी एक मासा आडवा झाला, आणि तिने तिकडे बघतच पाकिटाला हात घातला. मला तिला थांबवता आलं असतं, पण ते तळं माझं नव्हतं.  ती पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत होती, ओठ हलवत. मग तिने ते पाकीट आणि फडताळातली लेबल गेलेली पावडर दोन्ही त्याच्या पिशवीत टाकली.

"रिपोर्ट आल्यावर बघू."

"तुमची मर्जी. मेली तर माज्या नावानं बोंब मारू नका."

"तुमच्या न्हाय, माझ्याच नावानं मारीन. जावा आता, चहाला थांबा म्हणायला घरात दूध न्हाय."

घरात दोन म्हशींचं दूध होतं. त्यालाही ते माहीत होतं. तो हसला आणि गेला.

मॅडमनी आतड्याचे नमुने बाटल्यांत घेतले, बर्फाच्या डब्यात ठेवले. खोकं, कापलेला मासा आणि पाटीतले मेलेले मासे जावेनं चुना टाकून पुरले. छत्री मी धुतली. मग आम्ही निघालो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. माझं काम फोनवर होतं: सकाळी मेलेले किती, पाण्याचा वास कसा, मासे वर येतात का. दुसऱ्या दिवशी मेले. तिसऱ्या दिवशीही मेले, पण कमी. पोरीनं चूक कबूल केली म्हणून या खेपेला तात्यांनी डाळिंबाकडे पाणी सोडलं नाही. विहिरीचं पाणी सोडायचं तर वीज वेळी-अवेळी, त्यामुळे जाऊ मोटारीच्या खोलीतच बसून असायची. दीर घरी आले तेव्हा त्यांनी तळातला गाळ पाइपने ओढून उसात सोडला. त्या गाळात काय होतं ते त्यांनी पाहिलं आणि बायकोला विचारलं, आणि तिने त्यांनाही गप्प बसवलं. आता घरात तात्या सोडून सगळ्यांना माहीत होतं.

प्रयोगशाळेचा निकाल आला. अँटिबायोटिक द्यावं असा संसर्ग नव्हता. मी जावेला फोन करून तो वाचून दाखवला. ती म्हणाली, "दुकानदाराला सांगू का नको?" मी म्हटलं, सांग. नुसतं सांग, टोमणा मारू नको. तिने काय केलं ते मी विचारलं नाही.

पाडव्याला मी निरवांगीला गेले. श्रीखंड-पुरी झाली. जेवण झाल्यावर तात्यांनी मला पडवीत बोलावलं.

"थोरले, बस. एक इचारायचंय. ह्या पोरीच्या माशांची एकादशी सुटंना व्हय?"

"औषध जास्त झालं म्हणून पोटाला विश्रांती दिली आहे तात्या. आता सुरू करतोय."

"सणाच्या दिशी बी उपाशी. मी बगतोय. तळ्यावर गेलो की समदी माझ्याकडं येत्यात, तोंड उघडून. त्यांना काय ठावं, कुणाचं काय चुकलं त्ये." त्यांनी सुपारी कातरली. "आदी जादा चारायचं, मग उपाशी मारायचं. व्यापार असाच असतो का गं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. जाऊ आतून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी खाद्य सुरू केलं. पद्धत मॅडमनी लिहून दिली होती. मी ती मोठ्या अक्षरांत काढून मोटारीच्या खोलीत चिकटवली. फडताळात एकच पावडर ठेवायची, जिवाणूंची. कोमट नाही, साध्या पाण्यात कालवायची, गूळ चवीपुरता. सावलीत ताडपत्रीवर खाद्य पसरून त्यावर हाताने शिंपडायची, उलथापालथ करायची, वरून तेलाचा हलका हात. सावलीतच सुकू द्यायचं. लावलेलं खाद्य त्याच दिवशी संपवायचं. आणि देताना पोटभर नाही. मासे अजून मागतायत तोवर हात थांबवायचा.

हे शेवटचं जावेला सगळ्यात जड गेलं. तिचा हात थांबत नव्हता. मी शेजारी उभी राहून "बास" म्हणत होते आणि ती "एकच मूठ आक्का, ती बघा कोपऱ्यातली" म्हणत होती. आमच्या भागात पाहुण्याने तीनदा नको म्हटल्याशिवाय वाढणारी बाई हात मागे घेत नाही. इथे तर पाहुणे नको म्हणतच नव्हते.

हळूहळू पांढरे दोरे दिसायचे बंद झाले. मासे गोळीवर झडप घालू लागले. मॅडमनी पुन्हा एक उघडला. या वेळी त्यांच्या प्रयोगशाळेतच, जाऊ तो डब्यातून घेऊन बारामतीला आली होती. आतड्याला पुन्हा जाडी येत होती, वेटोळी जागेवर होती. "पण अजून कच्चं आहे," मॅडम म्हणाल्या. "आता परत एकदा तसंच झालं तर मी काही सांगू शकत नाही."

जावेनं मान डोलावली. परत जाताना गाडीत ती म्हणाली, "कुंपणाला कुलूप लावते. किल्ली हरवली म्हणते."

"किती दिवस हरवेल?"

"मग देवळातल्या आचाऱ्याला सांगते, कणीक देऊ नका म्हणून."

"म्हणजे तात्यांना सोडून सगळ्या गावाला सांगायचं."

 कळंब गेलं. "तुमी सांगा," ती म्हणाली. "मी खोटं बोललीय, माझ्या तोंडनं आता नीट निघणार न्हाय. तुमी थोरल्या हाय. तुमचं ऐकून घेतात. फक्त असं सांगा की पाणी सोडायचे न्हाईत."

मी हो म्हटलं. या कामाच्या कागदावर एवढ्या गोष्टी होत्या: पाणी बदलणे, गाळ काढणे, निकाल आणणे, नवी पावडर, खाद्य बदलणे, व्यापाऱ्याला पुढची तारीख देणे, तात्यांना सांगणे. सगळ्यांपुढे खूण झाली. फक्त शेवटच्या गोष्टीपुढे नाही. मी ते काम रोज करायचं ठरवत होते आणि वाक्य सापडत नव्हतं. "कणीक कमी टाका" म्हटलं तर ते विचारणार, का? "मासे पावडरीचं खाद्य खातात, त्यावर कणीक चालत नाही" म्हटलं तर ते म्हणणार, मग मरताना काय झालं होतं? तात्यांना अर्धं सांगता येत नाही. कणकेऐवजी त्यांच्या हातात गोळी खाद्याचं भांडं द्यावं म्हटलं, तर त्यात वाळवलेल्या मासळीची भुकटी असते. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाच्या हातात ते मी कसं देणार?

आज एकादशी. मी दुपारीच निरवांगीला आले. तात्या पडवीत खाटेवर, समोर शेंगदाण्याची वाटी. जाऊ आतून पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला आणि गेली नाही, दारातच उभी राहिली.

"तात्या," मी म्हटलं, "माशांचं एक बोलायचंय."

"बोल की. बरी झाली न्हवं?"

"झाली."

"दिसतंय मला. उड्या मारत्यात." ते खुशीत होते. "थोरले, खरं सांगतो. ही पोरगी मासं पाळती तवा मला लय जड गेलं. इकायसाठी पोसायचं, ह्ये माझ्या मनाला पटंना. मग पळसदेवला गेलो, धरणाचं पाणी आटलेलं, बुडालेलं देऊळ उगडं पडलेलं. तितं लोक डबक्यातल्या माशांला कणीक टाकत हुते. तवा वाटलं, आपल्या तळ्यात बी टाकावी. म्हैन्यातनं दोनदा का हुईना, इकायसाठी न्हाय, नुसतं द्यायचं म्हणून द्यावं. मग जातील तिकडं जातील." त्यांनी शेंगदाणे तसेच ठेवले. "गेल्या खेपंला उपाशी राह्यली बिचारी. म्हणून उद्या दोन बादल्या सांगितल्यात आचाऱ्याला. पोटभर हुंदे एकदा. म्हातारपणी दोन उचलत न्हाईत. तुझी गाडी हाय, येशील का देवळापातुर?"

जावेनं दाराची चौकट धरली होती.

"येते," मी म्हटलं.

तेवढ्यात मंडळातले दोघे टाळ घेऊन बोलवायला आले आणि तात्या खाटेवरून उठले, धोतर झटकलं, निघाले. जाऊ माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, सकाळी.

उद्या द्वादशी. पंगत उठली की देवळातून तळ्यापर्यंत गाडीने जायचं आहे, तात्या शेजारी बसतील आणि बादल्या मागे. वाट मोठी नाही. तळ्याचं कुंपण यायच्या आत त्यांना सांगायचं आहे.